दहा जुलै, सोमवार

सातारा,
२ फेब्रुवारी २०२५

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

गेल्या महिन्यात माझ्या पासपोर्टचा फॉर्म भरताना तू फोनवर विचारलंस, "आई, तुझी ही तारीख खरी की शाळेतली?" तुझ्या बाबांची १ जून, मोठ्या काकांची १ जून, आत्याची १ जून, आणि माझी एकटीचीच १० जुलै, म्हणून तुला शंका आली. मी "खरी आहे, घाल" म्हणाले आणि फोन ठेवला, गॅसवर दूध उतू चाललं होतं. त्यानंतर आठवड्याच्या आतच गावाहून निरोप आला की माझे शाळेतले गुरुजी गेले. तू मला समजावलंस, "आई, ब्याण्णव वर्षांचे होते, अंथरुणाला खिळले नाहीत, सोनं झालं त्यांचं." तुझं काही चुकलं नाही. तिथं जमलेले सगळे तेच म्हणत होते. पण मला तेव्हा तुझ्याशी बोलता आलं नाही. तुझ्या त्या प्रश्नाचं आणि माझ्या न बोलण्याचं उत्तर एकच आहे. फोनवर ते सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी १ जूनचं सांगते. तू इस्पितळात जन्मलास, वेळ मिनिटासकट कागदावर लिहून हातात मिळाली. आमच्या वेळी बाळंतपणं घरी व्हायची, सुईणीच्या हातून. जन्माची नोंद चावडीवर कोतवालबुकात व्हायची, तीही घरातलं कुणी जाऊन सांगेल तर. आणि नोंद तरी काय, बापाचं नाव आणि पुढं 'मुलगा' नाहीतर 'मुलगी'. पोर शाळेत घालायच्या वयाचं झालं की आई त्याच्या हाताला धरून घेऊन यायची. मास्तर विचारायचे, "जन्म कधीचा?" ती म्हणायची, "सुगीत झालाय बगा." शाळा जूनला भरणार, वय जूनला धरून मोजायचं, म्हणून मास्तर अदमासानं वर्ष ठरवायचे आणि पुढं १ जून टाकून मोकळे व्हायचे. अशा १ जूनवाल्यांच्या पिढ्याच्या पिढ्या आपल्याकडे झाल्या. जो महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मला तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे दर ३१ मेला कचेरी-कचेरीत निरोपसमारंभ असतात. तुझे बाबाही त्यातलेच. हार घालायला तू आला होतास.

गुरुजीही १ जूनचेच. १ जून १९३२. आई लहानपणीच गेलेली, चुलतीनं वाढवलं. गावच्या शाळेतल्या मास्तरांनी ती तारीख टाकली आणि ती त्यांना जन्मभर पुरली. पुढं ते साताऱ्याला रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात राहून शिकले. सकाळी शेतात काम, मग शाळा, रात्री पाळीप्रमाणे भाकऱ्या. संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांना, अण्णांना, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं, हे ते आम्हाला सांगायचे तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. लक्ष्मीबाई १९३० मध्येच गेल्या, त्यांना पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं, पण गुरुजी असं सांगायचे की आम्हाला वाटायचं त्यांनी त्या घरातच जेवण केलंय. फायनलची परीक्षा झाल्यावर १९५१ मध्ये ते शिक्षक झाले. तेव्हा प्राथमिक शाळा स्कूल बोर्डाच्या होत्या, १९६२ ला जिल्हा परिषद आली. आमच्या गावात ते १९६४ ला बदलून आले.

त्याच्या आधीची एक गोष्ट त्यांनी मला फार उशिरा सांगितली, मी नोकरीला लागल्यावर. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, पहिल्याच गावात, एक बाई मुलगा घेऊन आली आणि म्हणाली की हा वसुबारसेच्या दिवशी झाला. दारात गाय ओवाळायची होती आणि हिच्या पोटात कळा सुरू झाल्या, म्हणून तिच्या पक्कं ध्यानात. गुरुजींना दुपारपर्यंत पट पुरा करायचा होता, 'दिपोटी' म्हणजे तपासणीचे साहेब यायचे होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षाची १ जून टाकली. १९६२ ला चीनचं युद्ध झालं, भरती जोरात सुरू झाली. आपल्या जिल्ह्यात घराघरांतून पोरं फौजेत जायची. तो मुलगाही साताऱ्याला भरतीला गेला. उंची भरली, छाती भरली, धावला पहिला. कागदावर सात महिने कमी भरले. परत पाठवला. पुढच्या भरतीपर्यंत घरातली परिस्थिती थांबायला तयार नव्हती, तो मुंबईला जाऊन हमालीला लागला आणि तिकडेच राहिला. "त्याच्या आईनं मला तारीख दिली होती," गुरुजी म्हणाले. "मी घेतली नाही." एवढं बोलून ते कितीतरी वेळ अंगणातल्या कडुनिंबाकडं बघत बसले. त्यानंतर त्यांनी कुणाचीही तारीख शोधल्याशिवाय १ जून लिहिली नाही.

मला शाळेत घातली जून १९६७ मध्ये. माझी आई म्हणजे तुझी आज्जी मला घेऊन गेली. तो दिवस मला तुटक आठवतो. लाल रेघांचं ते भलं मोठं रजिस्टर, दौत, टाक. टाक उचलून त्यांनी तसाच धरून ठेवला, शाई निबावर वाळायला लागली. आज्जी म्हणाली, "आखाड लागायच्या टायमाला झाली. माझ्या म्हायेरी." गुरुजींनी विचारलं, "आणखी काय झालं होतं त्या दिवसांत?" आज्जी म्हणाली, "माझा भाव पुण्याच्या पुरातनं वाचून आला न्हवं! आईनं त्याचं तोंड बघितलं तवा पाणी घशाखाली गेलं तिच्या." गुरुजींनी टाक खाली ठेवला. "तो आला तेव्हा ही झाली होती?" "व्हती की. पाचवी पुजत व्हतो."

त्या दिवशी माझं नाव रजिस्टरात चढलं, तारखेची जागा कोरी राहिली. त्यांनी माझ्या आजोळच्या चावडीवर चौकशी केली. नोंदच नव्हती, कारण पुण्याच्या बातमीनं घर उलटंपालटं झालेलं, नोंद करायला जातंय कोण. मग त्यांनी मामाला पुण्याला कार्ड टाकलं. मामा तिथं एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्याचं उत्तर आलं ते गुरुजींनी जपून ठेवलं होतं. आता ते माझ्यासमोर आहे. एक कोपरा कसरीनं खाल्लाय, निळी शाई तांबूस पडलीय. कंपॉझिटरचं अक्षर, एकेक अक्षर सुटं आणि सरळ:

"सा. न. वि. वि. आपले कार्ड पावले. पाणी आले तो बुधवार. आमची खोली नदीपासून जवळ, अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. रात्र पर्वतीवर काढली. गुरुवारी खोलीकडे जाऊन आलो, काही राहिले नव्हते. शुक्रवारी एस. टी. मिळाली. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगात दुसऱ्याचा सदरा होता त्यामुळे आईने प्रथम ओळखले नाही. बहिणीच्या खोलीत पाट मांडला होता, पाटा-वरवंटा पुजलेला होता. मुलगी लहान होती पण रडणे मोठे होते. कळावे."

पानशेत धरण फुटलं ते १२ जुलै १९६१ ला, बुधवारी. शुक्रवार म्हणजे १४ तारीख. त्या संध्याकाळी पाचवी, म्हणजे जन्म सोमवारचा, १० जुलै. गुरुजींनी कार्डाच्या समासात पेन्सिलीनं ही मोजणी केलेली आहे: १४, १३, १२, ११, १०. दहाभोवती गोल. मग त्यांनी शाळेतून कुणाला तरी पिटाळून आज्जीला बोलावून घेतलं आणि तिच्यासमोर रजिस्टरातली कोरी जागा भरली. आज्जीला वाचता येत नव्हतं. तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि घरी येऊन मला म्हणाली, "सोमवारची हायेस. म्हादेवाचा वार." शिखर शिंगणापूर आम्हाला जवळ, तेव्हापासून तिनं सोमवार धरला तो शेवटपर्यंत.

माझ्या वर्गात एक धनगराचा मुलगा होता. त्याचं सांगितल्याशिवाय तुला गुरुजी कळायचे नाहीत. माणदेशातले मेंढपाळ दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हा वाटेतच जन्मलेला. त्याच्या आईला ना गाव सांगता येत होतं ना महिना. गुरुजींनी तिला विचारलं, त्या दिवशी मेंढरं काय खात होती? झाडांना काय होतं? रात्र अंधारी होती की चांदणी? ती म्हणाली, "व्हळी पेटली व्हती खालच्या गावात. आन् चांद वर आला त्यो खाल्लेला." सगळ्या बाया घाबरल्या, गिराणात बाळंत होतीय, पोराला काही ना काही होणार. पोर धडधाकट झालं, तरी त्याच्यावरचा तो शिक्का काही गेला नाही. वस्तीवर त्याला 'गिराण्या'च म्हणायचे.

गुरुजी म्हसवडला गेले आणि एका जोश्यांकडची जुनी पंचांगं चाळून आले. १९६१ ची होळी २ मार्चला, गुरुवारी. त्याच संध्याकाळी खंडग्रास चंद्रग्रहण, आपल्याकडे चंद्र उगवला तोच ग्रासलेला. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी त्या मुलाला उभं केलं, फळ्यावर पृथ्वी आणि चंद्र काढले, सावली कशी पडते ते दाखवलं आणि सांगितलं की अख्ख्या शाळेत जन्माची तारीख इतकी पक्की फक्त याची आहे, आकाशात लिहिलेली आहे, माझीसुद्धा नाही. त्यानंतर वर्गात कुणी त्याला गिराण्या म्हटलं नाही. वस्तीवर म्हणत राहिले, तो भाग वेगळा.

ते शिकवायचे कसे हे तुला सांगायला हवं, पण खरं सांगते, फार काही वेगळं नव्हतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी घोकून घ्यायचे. अक्षर वाईट असलं की चिडायचे, छडीही मारायचे. तेव्हा सगळेच मारायचे. मला एकदाच बसली, ळ उलटा काढला म्हणून. १९५९ ला सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली होती. आमच्या गावात गुरुजी आल्यावरच ती कुणीतरी मनावर घेतली. रात्री देवळात कंदील लावून मोठ्या माणसांचा वर्ग. तुझी आज्जी तिथंच सही शिकली. पुढं ती बँकेत गेली की कारकुनानं सवयीनं शाईचा पॅड पुढं केला तर तो बाजूला सारायची, हे तू पाहिलंयस.

आणि तरी तुझ्या आज्जीनं गुरुजींशी दीड वर्ष अबोला धरला होता. हे तुला मी कधी सांगितलं नाही.

१९७२ चा दुष्काळ. त्याच्या आधीचं वर्षही आमच्याकडं कोरडंच गेलेलं. माणगंगेच्या पात्रात झरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरायचं. गावची गावं दुष्काळी कामावर, कुठं पाझर तलाव, कुठं खडी. रेशनला मिलो यायची, अमेरिकेची तांबडी ज्वारी, तिची भाकरी गार झाली की दाताला लागायची. माझे वडील आजारी. आज्जी एकटी खडी फोडायला जायची. मी अकरा वर्षांची, सहावीत. लहान पोरांना मस्टरवर घेत नसत, म्हणून लोक वय वाढवून सांगायचे. अंगानं मी थोराड होते. आज्जीनं मुकादमाला सांगितलं, पोरगी पंधराची आहे. मुकादम म्हणाला, मास्तरांकडून लिहून आण.

गुरुजींनी लिहून दिलं नाही.

आज्जी शाळेच्या ओट्यावर उभी राहून भांडली. ती म्हणाली, "तुमी आकडं सांभाळा, मी प्वाटं सांभाळती." मी दाराआड होते. गुरुजी खाली मान घालून ऐकत होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "बाई, त्या पोराचं मी एकदा करून बसलोय." कुठलं पोर, काय करून बसलाय, हे तिला काय ठाऊक. ती तरातरा निघून गेली.

दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी शाळा सकाळी सातला भरवायला सुरुवात केली, दहाला सोडायची, म्हणजे पोरांना आईबापांची भाकरी घेऊन कामावर जाता येईल आणि तिथं धाकटी भावंडं सांभाळता येतील. शाळेत सुकडी मिळायची, ती ते स्वतः उभे राहून वाटायचे. मी शाळेत राहिले. पण माझी मजुरी घरात आली नाही, आणि त्या हंगामात आज्जीच्या हाताला झालेली जखम चिघळून तिचं एक बोट कायमचं वाकडं राहिलं. तू लहानपणी त्या बोटाशी खेळायचास. सही करताना ती ते बोट वर धरायची.

बाळा, त्या दिवशी ओट्यावर कोण बरोबर होतं, मला आजही ठरवता येत नाही. मी शिकले, नर्स झाले, तुला शिकवलं, हे सगळं त्या नकारातून आलं असं म्हणणं सोपं आहे. पण आज्जीला त्या वर्षी काय मिळालं? ती चुकली असं मी कधी म्हणणार नाही. गुरुजी चुकले असंही माझ्या तोंडून येत नाही. ते दोघं पुन्हा बोलायला लागले ते मी सातवी पास झाले तेव्हा. गुरुजी स्वतः दाखला घेऊन घरी आले. आज्जीनं चहा टाकला, गुळाचा. दाखल्यावर जन्मतारीख अक्षरीही लिहिलेली होती, 'दहा जुलै एकोणीसशे एकसष्ट'. आज्जीनं विचारलं, "सोमवार लिवलाय का?" दाखल्यावर वार लिहायची जागा नसते. गुरुजींनी खिशातून पेन काढून मागच्या बाजूला लिहिलं, 'सोमवार'. दाखल्यावर काही खाडाखोड करायची नसते हे ते आम्हाला शिकवायचे.

मग त्यांच्या बदल्या होत राहिल्या, माझं शिक्षण, नोकरी, लग्न. ते ३१ मे १९९० ला निवृत्त झाले आणि आमच्याच गावात घर बांधून राहिले. त्यानंतर चौतीस वर्षं ते ओसरीवर बसले. ओसरीवर बसले म्हणजे नुसते बसले नाहीत. पेन्शनीचे अर्ज, सात-बाऱ्याच्या तक्रारी, पोरींच्या सासरी लिहायची अवघड पत्रं, हे सगळं त्यांच्याकडं यायचं. आणि दर १ जूनला त्यांचे विद्यार्थी जमायचे, कुणी पेढे, कुणी शाल. ते नाही म्हणायचे नाहीत, पण ओवाळताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी असायचं. एकदा मी विचारलंच, "गुरुजी, सगळ्यांच्या तारखा शोधल्यात, स्वतःची?" ते म्हणाले, "चुलती म्हणायची, तू झालास तेव्हा माणगंगेला पाणी होतं. कुठल्या सालचं, कुठल्या महिन्यातलं, हे विचारायचं राहिलं. मला सुचलं तेव्हा ती गेलेली होती." पुढं काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "तुझ्या दवाखान्यात बाळं होतात, वेळ लिहितेस ना नीट?" मी म्हटलं, लिहिते. खरंच लिहायचे. रात्री दोन-दोन, तीन-तीन वाजता, हात धुतले की आधी घड्याळ. तू चिडायचास, "आई, पाच मिनिटं इकडंतिकडं झाली तर काय होतंय?"

शेवटची भेट गेल्या दिवाळीतली. दिसत नव्हतं, नावंही विसरायला लागली होती. नातसून म्हणाली, घरातल्यांनाही मधूनच ओळखत नाहीत. मी जवळ बसले, हात हातात घेतला, माझं नाव सांगितलं. काही कळलं नाही. माहेरचं आडनाव सांगितलं. नाही. तेवढ्यात त्यांचा अंगठा माझ्या बोटांवरून फिरला, एक, दोन, तीन, अशी मोजल्यासारखी बोटं चाचपली, आणि ते म्हणाले, "दहा जुलै." थोडं थांबून, "सोमवार." मग समाधानानं मान हलवली आणि झोपले.

आता तुला कळलं असेल मला फोनवर का बोलता आलं नाही. ब्याण्णव वर्षं म्हणतोस, पण ती कागदावरची. त्यांचं खरं वय कुणालाच माहीत नाही.

अंत्यविधीला गर्दी खूप होती. दोन मार्चवाला आला होता, एस. टी. तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालाय, दाढी पांढरी झालीय. त्याचा भाऊ मेंढरं घेऊन खाली कोकणात आहे, त्याला निरोप मिळाला पण येता आलं नाही. आम्ही दोघं शाळेच्या जुन्या ओट्यावर बसलो. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग तो म्हणाला, "माझ्या नातवाला सांगितलं मी, माझ्या वाढदिवसाला गुगलमध्ये बघ, ग्रहण होतं का. बघितलं त्यानं. होतं म्हणाला." आणि रडायला लागला, असा मोठ्यानं, की स्मशानाकडून परतणारी माणसं थांबली.

तेराव्याला नातसुनेनं एक पत्र्याची ट्रंक उघडली. त्यात शाळेच्या वर्षाप्रमाणे सुतळीनं बांधलेले गठ्ठे होते: कार्डं, चिठ्ठ्या, पंचांगाची फाटलेली पानं, चावडीच्या नोंदींच्या नकला. एका चिठ्ठीवर नुसतं लिहिलं होतं, 'कोयनेच्या भूकंपानंतर सातवा दिवस', आणि खाली हिशेब, ११ डिसेंबर ते १७ डिसेंबर १९६७. कुणाची ते नाही लिहिलेलं. ज्यांना ओळख पटेल त्यांनी आपापलं न्यावं, असं ठरलं. संध्याकाळपर्यंत लोक येत होते. साठी-सत्तरीची माणसं ट्रंकेशी उकिडवी बसून चष्मे वर-खाली करत होती. सगळ्यात खालच्या गठ्ठ्यात एक कोरं कार्ड निघालं, पत्ता त्यांनी स्वतःच लिहिलेला, मुंबईचा, नाव पुसट. मजकुराच्या जागी फक्त 'वसुबारस' एवढा एक शब्द. पाठवलेलं नव्हतं. ते मी तिथंच राहू दिलं.

मामाचं कार्ड मी आणलंय. पासपोर्टच्या कागदांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलंय, तिकडे येईन तेव्हा घेऊन येते, तुला हातात घेऊन बघता येईल. छकुलीला माझा पापा दे. बाबांना गुडघ्याचं तेल मिळालं, बरं वाटतंय. फॉर्ममध्ये १० जुलै १९६१ तसंच राहू दे.

तुझी,
आई